नावं ठेवणारा माणूस

ब्रेनर्सबर्गच्या लुथरन चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी आठ-दहा म्हातारे जमत, आणि त्यांच्यातल्या एकालाही ‘खेळण्यातल्या आगगाड्या’ हे शब्द खपत नसत. एखादा पाहुणा चुकून तसं बोललाच, तर सगळं तळघर त्याच्याकडे असं बघे, की वर प्रार्थना चालू असताना आपण शिट्टी वाजवली की काय, असं त्या बिचाऱ्याला वाटावं. खेळणी पोरांची असतात. ही होती मांडणी. तळघराच्या चारी भिंतींना धरून कमरेएवढ्या उंचीवर उभा केलेला अख्खा मुलूख: डोंगर, नदी, कोळशाच्या खाणी, गावं, आणि त्यांतून धावणाऱ्या बोटाएवढ्या उंचीच्या गाड्या. त्या मुलुखात कायम एकोणीसशे बावन्न सालचा ऑक्टोबर असे. बाहेर सरकारं बदलली, गावातली कापडगिरणी बंद पडली, अर्ध्या सभासदांचे गुडघे बदलून झाले. आत आपला ऑक्टोबर बावन्न. एकाने एकदा त्रेपन्न साली निघालेली मोटार तिथल्या रस्त्यावर उभी केली, तर ईस्टरपर्यंत लोक त्याच्याशी धड बोलत नव्हते.

या मुलुखातला घरबांधणी कंत्राटदार म्हणजे वेंडेल क्राइडर. जन्मभर त्याने फर्निचरच्या दुकानात सोफे विकले, आणि निवृत्त झाल्यावर स्वतः सोफ्यावर न बसता चिमटा आणि डिंक घेऊन टेबलाला चिकटला. पूल, गिरण्या, एक चर्च, एक दारूचा गुत्ता, सगळं त्याच्या हातचं. काम बरं होतं. बरं म्हणजे काय, चांगलंच होतं. पण हे चांगलं म्हणायचा अधिकार त्या तळघरात एकाच माणसाकडे होता, आणि तो माणूस ते म्हणत नव्हता.

तो माणूस ऑर्लो शंक. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला. नाकावर माशी बसू न देणारा, आणि दुसऱ्याच्या नाकावरची माशी नर आहे की मादी ते लांबून सांगणारा. क्लबात रीतच होती, की नवी इमारत आधी नुसती जागेवर ठेवायची, चिकटवायची नाही. मग ऑर्लो यायचा, खिशातून भिंग काढायचा, आणि सगळे कॉफीचे पेले हातात धरून श्वास रोखायचे. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला इतका ताण नसतो. ऑर्लो चूक काढी, मालक मान खाली घालून इमारत घरी नेई, चूक सुधारून पुढच्या मंगळवारी आणी, आणि तेव्हा कुठे डिंकाची बाटली उघडे. वेंडेलच्या पुलाला तो म्हणाला होता, गाडी जाईल यावरून, पण विमा उतरवून. चर्चला म्हणाला होता, देवाने हे बघितलं तर तो धर्म बदलेल. वेंडेल प्रत्येक वेळी हसे आणि घरी जाऊन लोरेटाचं, म्हणजे बायकोचं, डोकं खाई. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्याला ऑर्लोच्या तोंडून ‘चांगलं झालंय’ एवढे दोन शब्द ऐकायचे होते. लोकांना कसली कसली स्वप्नं पडतात.

आणि म्हणूनच त्याने टॅनर्स गॅपचं स्टेशन बांधायला घेतलं. टॅनर्स गॅप हे डोंगरातलं लहानसं खाणगाव. खाण संपली तसं गाव संपलं आणि स्टेशन पाडून त्याचं लाकूड लोकांनी कोंबड्यांच्या खुराड्यांना वापरलं. पण त्या स्टेशनच्या वरच्या मजल्यावर, स्टेशनमास्तरच्या बिऱ्हाडात, ऑर्लो जन्मला आणि वाढला होता. त्याचा बाप तिथला स्टेशनमास्तर. हे स्टेशन बांधून ऑर्लोच्या पुढ्यात ठेवायचं, असा वेंडेलचा बेत. ज्या घरात आपण जन्मलो, त्या घराला कोण नावं ठेवेल?

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? ऑर्लोला विचारील, बाबा रे, जिना कुठे होता, दारं किती होती. पण विचारणं म्हणजे आधीच हात जोडणं. काखेत कळसा असताना वेंडेलने गावाला वळसा घातला. जुन्या बाजारांत हिंडून हिंडून एका म्हातारीच्या ट्रंकेतून त्या स्टेशनची काचेची निगेटिव्ह मिळवली, फोटोवाल्याकडून तिचा मोठा फोटो काढून घेतला, आणि त्या एकाच फोटोवरून काम सुरू केलं. फोटोत स्टेशन होतं, मागे लांब उभे असलेले मालडबे होते, आणि फलाटावर कोट घालून, पोट पुढे काढून ऑर्लोचा बाप उभा होता. स्टेशनच्या नावाची पाटी तेवढी झाडाआड गेली होती.

वर्षभर क्राइडरांच्या घरी जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलं नाही. लोरेटाने मांडीवर ताट घ्यायची सवय करून घेतली. वेंडेलने एकेक फळी कापली, छपराची एकेक कौलपट्टी चिमट्याने बसवली, तिकीटघरात गव्हाच्या दाण्याएवढा दिवा लावला. मध्ये हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याची छाती उघडून हृदयाची डागडुजी केली. भूल उतरल्यावर त्याने बायकोला पहिलं काय विचारलं असेल, तर जिन्याचा रंग वाळला का. लोरेटा म्हणाली, हो, आणि मीही वाळले.

ऑक्टोबर आला, बाहेरचासुद्धा. एका मंगळवारी स्टेशन मांडणीवर ठेवलं गेलं. नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी गावाला मांडणी दाखवायचा वार्षिक सोहळा असे, त्याच्या आत ते चिकटायला हवं होतं. सगळे जमले. मॅव्हिस ट्रेक्सलर कॉफीचं भांडं घेऊन उभी होती. मॅव्हिस क्लबची अध्यक्ष. जन्मभर तिने शाळेची बस चालवली आणि बसभर पोरांना एका आरशातून धाकात ठेवलं, त्यामुळे या म्हाताऱ्यांना ताब्यात ठेवणं तिला फारसं जड जात नसे.

ऑर्लो आला. त्याने भिंग काढलं नाही. स्टेशन दोन्ही हातांत उचललं, नाकाजवळ नेलं, वळचणीवरून अंगठा फिरवला, धुराडं चाचपलं. वेंडेलच्या दुरुस्त केलेल्या हृदयाने त्या वेळात बरंच काम केलं. मग ऑर्लोने स्टेशन अलगद खाली ठेवलं.

“चांगलं झालंय, वेंडेल,” तो म्हणाला.

मॅव्हिसने कुणाच्या तरी पेल्यात इतकी कॉफी ओतली की ती बशीतून जमिनीवर गेली. एक जण म्हणाला, पुन्हा म्हण, मला नीट ऐकू आलं नाही. ऑर्लो म्हणाला, कानात यंत्र घाल, आणि कोट चढवून दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला घरी सोडायला वेंडेलच नेई. ऑर्लोच्या गाडीचा गिअरबॉक्स वसंतापासून दुरुस्तीला पडला होता, आणि इतके महिने कुठला गिअरबॉक्स दुरुस्त होतो, असा प्रश्न जन्मभर सोफ्यांतला कापूस तपासणाऱ्या वेंडेलला एकदाही पडला नव्हता.

घरी आल्यावर त्याने लोरेटाला उठवून सांगितलं. ती म्हणाली, ताप आहे का त्याला?

दोन दिवस वेंडेल हवेत होता. त्या फोटोला त्याने चौकट करून आणली आणि बैठकीच्या खोलीत, मुलाच्या लग्नाचा फोटो काढून, तिथे टांगली. लोरेटा बघायला आली. लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात तिने आयुष्यभर शिवणकाम केलेलं. माणसाआधी तिला कापड दिसे.

“हा कोण?” तिने विचारलं.

“ऑर्लोचे वडील.”

“मग यांनी बायकोचा कोट का घातलाय?”

तिने बोट ठेवून दाखवलं. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, बायकांची उजवी. स्टेशनमास्तरांची बटणं बायकी होती. वेंडेल म्हणाला, खाणगावात काय, मिळेल तो कोट घालत असतील. लोरेटा भाजी चिरायला गेली. वेंडेलने भिंग आणलं, मागच्या मालडब्यांवर धरलं, आणि तिथले आकडे वाचायचा प्रयत्न केला. चार आणि सात आरशात दिसावेत तसे उलटे उभे होते.

फोटोवाल्याने काच उलटी धरून फोटो काढला होता. जिना उजवीकडे होता, तो वेंडेलने डावीकडे बांधला होता. माल ठेवायची खोली, धुराडं, कोळशाची पेटी, सगळं इकडचं तिकडे. वर्षभर डोळे फोडून, एक कौलपट्टीही न चुकवता, त्याने टॅनर्स गॅपचं स्टेशन साफ उलटं बांधलं होतं.

तो तिथेच खुर्चीत बसला. पण त्याला छळत होती ती चूक नव्हे. टॅनर्स गॅप डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस आता जिवंत होता. त्याच जिन्यावरून पडून लहानपणी त्याचे दोन दात गेले होते, ती गोष्ट त्याने तळघरात सगळ्यांना वीट येईपर्यंत सांगितली होती. आणि तोच म्हणाला होता, चांगलं झालंय. म्हणजे त्याला दिसलं होतं आणि तो मूग गिळून गप्प बसला होता. का? वेंडेलला उत्तर लगेच सापडलं. छाती उघडलेला माणूस, किती दिवसांचा सोबती, मरणाऱ्याच्या तोंडात साखर घालावी तसे दोन शब्द घातले. दया केली. त्याचा संताप संताप झाला. पुलाला नावं ठेवली तेव्हा लागलं नव्हतं इतकं हे लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने ऑर्लोचं घर गाठलं. ऑर्लो स्वयंपाकघरात बसला होता. लख्ख ऊन असून टेबलावर मोठा दिवा पेटलेला. खिडकीतल्या रंगांच्या बाटल्यांना रबराची वेटोळी घातलेली, एकीला एक, दुसरीला दोन. कोपऱ्यातल्या कामाच्या टेबलावर अर्धं रंगवलेलं इंजिन धूळ खात होतं. यातलं वेंडेलला काहीही दिसलं नाही. त्याचे डोळे ठणठणीत होते, पण तो भांडायला आला होता.

“मी मरणार म्हणून तोंडावर गोड बोललास ना?” त्याने उभ्या उभ्याच विचारलं.

“तू मरणार आहेस?” ऑर्लो म्हणाला. “मला कुणी काही बोललं नाही.”

मग वेंडेलचा बांध फुटला. स्टेशन उलटं आहे, अख्खं उलटं आहे, ज्या जिन्यावर दात पाडून घेतलेस तो भलतीकडे आहे, आणि तू हातात घेऊन बघितलंस, आणि एवढी वर्षं माझ्या खिळ्याखिळ्याला नावं ठेवणारा तू मला चांगलं झालंय म्हणतोस? मला काय लहान पोर समजलास? असं बरंच काही तो बोलला. शेवटी धाप लागली म्हणून थांबला.

ऑर्लोचा हात टेबलावरून पेल्याकडे सरकला आणि साखरेच्या भांड्यावर जाऊन थांबला.

“उलटं आहे होय,” तो म्हणाला. “नाही दिसलं मला.”

“दिसलं नाही म्हणजे?”

“मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं. आत्ता तुझे दोन्ही कान दिसतायत, तोंड नाही दिसत. तसा फायद्यातच आहे मी.”

वेंडेल खाली बसला. वसंतापासून असं होतं. डॉक्टर म्हणत होते, परत यायचं नाही, असलेलं टिकवू. गिअरबॉक्स धडधाकट होता. क्लबात गाड्या चालवायचा कंट्रोलर हातात घ्यायची वेळ आली, की ऑर्लो तो दुसऱ्याला देई आणि ‘शीक जरा’ म्हणे. लोकांना वाटे, म्हातारा उदार झाला. खरं कारण म्हणजे क्लबाचा नियम, आणि तो ऑर्लोनेच लिहिलेला होता: ज्याला सिग्नल दिसत नाही, त्याने गाडीला हात लावायचा नाही. मग उरतं काय? सोहळ्याच्या दिवशी दारात खुर्ची टाकून पोरांच्या शर्टांवर इंजिनाचं चित्र चिकटवत बसणं. त्यापेक्षा मी घरी बसून मरेन, असं तो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता.

“पण मग चांगलं कशाला म्हणालास?” वेंडेलने विचारलं. “काहीतरी चूक काढायचीस. नेहमीसारखी.”

“चूक काढली की लोक विचारतात, कुठे? नावं ठेवायला डोळे लागतात, वेंडेल. कौतुकाला पुरावा कुणी मागत नाही.”

वेंडेलला वाईट वाटलं. आधी स्वतःबद्दल वाटलं, खोटं कशाला सांगा. इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाली ती अशी. मग समोर साखरेच्या भांड्यावर हात ठेवून बसलेल्या त्या माणसाबद्दल वाटलं, आणि ते पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त होतं.

ऑर्लो म्हणाला, चिकटवून टाक आहे तसं. ओळखणारा आता कोण उरलाय? एक मी होतो. आणि खरंच होतं ते. गावाने टाळ्या वाजवल्या असत्या, वेंडेलचं नाव झालं असतं, आणि जगाच्या अंतापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. वेंडेलने स्वतःच उठून कॉफी ओतली, ऑर्लोचा पेला त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, “मंगळवारी सगळ्यांसमोर माझी सालटी काढ.”

“काय?”

“म्हण, हा गाढव स्वतः होऊन कबूल करतो का ते बघत होतो आठवडाभर. काय काय चुकलंय ते मी सांगतो तुला आत्ता. तू पाठ कर.”

ऑर्लोने नाही नाही म्हटलं, एकदाच म्हटलं. मग वेंडेल सांगत गेला, आपण काय कुठे लावलंय, आणि ऑर्लो डोळे मिटून ते कुठे हवं होतं ते सांगत गेला. जिना उजवीकडे. आईची खिडकी जिन्याच्या वर, तिथून ती ओरडायची. मालाची खोली पलीकडच्या टोकाला. कोळशाची पेटी तर करडी नव्हतीच, हिरवी होती. काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंग लावणाऱ्या माणसाच्या हाती कुंचला दिला कुणी? आणि धुराडं तीनच विटा उंच आहे म्हणतोस, ते काय सिगारेट ओढत होतं? ऑर्लोला रंग चढत गेला. कॉफी संपेपर्यंत वेंडेल किती वेळा गाढव झाला त्याची गणती नाही, आणि गाडी चालवत घरी येताना तो शीळ घालत होता.

मंगळवारी तळघर भरलेलं होतं. मॅव्हिसने काकवीचा केक आणला होता आणि तो कापून होतो न होतो तोच ऑर्लो मांडणीपुढे जाऊन उभा राहिला. घसा खाकरून म्हणाला, मागच्या खेपेला मी या माणसाला चांगलं झालंय म्हणालो, ते तुमच्यापैकी एकाला तरी खटकलं का? नाही ना? हेच तर बघायचं होतं. मग त्याने सुरुवात केली. काच उलटी धरणारा फोटोवाला, बायकी कोटातला बाप, आणि ज्याला डावं-उजवं कळत नाही असा कंत्राटदार. लोक हसून हसून खुर्च्यांना धरू लागले. ठरल्यापेक्षा ऑर्लो जरा जास्तच बोलला; वेंडेलच्या लग्नाचा विषय ठरलेला नव्हता. वेंडेल मान खाली घालून उभा होता, आणि इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

“आता हा जिना बघा,” म्हणत ऑर्लोने हात पुढे केला आणि बोट रोखलं.

वेंडेलने मान वर केली. संध्याकाळी कुणीतरी रूळ पुसताना स्टेशन उचलून पाण्याच्या टाकीपलीकडे ठेवलं होतं, ते तिथेच राहिलं होतं. ऑर्लोचं बोट फलाटामागच्या मोकळ्या जागेवर होतं. तिथे नुसतं वाळलेलं प्लॅस्टर होतं आणि त्यावर थोडा हिरवा रंग.

हसू एकेक करून थांबलं. ऑर्लोला ते थांबलेलं ऐकू आलं असावं, कारण तोही थांबला. बोट तसंच राहिलं.

मॅव्हिसने सुरी खाली ठेवली. हात पुसले, पुढे आली, पाण्याच्या टाकीपलीकडून स्टेशन दोन्ही हातांनी उचललं, आणि जराही आवाज न करता ऑर्लोच्या बोटाखाली आणून ठेवलं. बोट छपराला लागलं. तळघरात कुणी कुणाकडे बघितलं नाही.

“जिन्याचं काय म्हणत होतास, ऑर्लो?” ती म्हणाली. “सांग पुढे. आम्ही सगळे बघतोय.”

ऑर्लोने बोट छपरावरून हळूहळू खाली नेत नेत जिन्यापाशी आणलं, पहिली पायरी चाचपली, आणि मग वेंडेलला आणखी एकदा गाढव म्हणून पुढे बोलायला लागला.